लाल हृदय, एक नग

शेवटी नोंदवही बादलीत बुडाली, नवराबायको पोट धरून हसली आणि नळ गळायचा तो गळतच राहिला. झाला निकाल. आता कृपा करून वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ते चोवीस तासांनी आपोआप नाहीसं होणार आहे, आणि तोवर कुणी त्याबद्दल विचारलंच तर आम्ही सरळ कानावर हात ठेवू. बादली नाही, नळ नाही, हसणं तर मुळीच नाही. आहे तो फक्त एक मंगळवार, दुपारचे एक वाजून वीस मिनिटं, आणि डब्यातला दुसरा घास तोंडाशी नेणारे दप्तरराव.

दप्तरराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पालिकेच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जिथे जुने कागद मरायला येतात आणि मरत नाहीत अशा तळघरात, ते अकरा वर्षं नोकरीला होते. तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते खालून वर चढत चढत घरापर्यंत पोचलं. वय चौतीस. वजन बावन्न किलो. हा वजनाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो सरकारी कामात लागणार आहे.

अभिलेख कक्षाचा एक धर्म असतो. कागद आला की आधी त्याला नंबर, मग तारीख, मग वर्ग. अ वर्गाचा कागद कायमचा. ब वर्गाचा तीस वर्षं. क वर्गाचा दहा. ड वर्ग सगळ्यात हलका, त्यात 'टेबलावरचा पंखा आवाज करतो' अशा छापाचे अर्ज पडतात, आणि तेसुद्धा वर्षभर जपावे लागतात. वर्ष संपलं म्हणून ते फाडता येतात असं नाही. नाशयादी करायची, तिघांची समिती बसवायची, तिघांच्या सह्या घ्यायच्या. दोन सह्या झाल्या की तिसरा सदस्य रजेवर जातो आणि पंख्याचा अर्ज आणखी वर्षभर जगतो. अकरा वर्षांत दप्तररावांनी स्वतःच्या हाताने एकही कागद फाडला नव्हता. बसची तिकिटंसुद्धा त्यांनी मार्गानुसार लावून ठेवली होती.

अशा माणसाचा फोन त्या मंगळवारी थरथरला. पडद्यावर लिहिलं होतं की बायकोने या चॅटची सेटिंग बदलली आहे, यापुढचे मेसेज चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होतील. आणि त्याच्या खाली लगेच, जणू काही झालंच नाही अशा थाटात, बायकोचा मेसेज: "येताना लिंबं आण. चार."

घास परत डब्यात गेला. पंख्याच्या कुरकुरीला एक वर्ष आणि चार वर्षांच्या संसाराला एक दिवस. म्हणजे ड वर्गाच्याही खाली. इतका खालचा वर्ग नियमावलीतच नव्हता.

बायको शाळेत गणित शिकवायची. दिवसातून सात वेळा फळा भरायची, सात वेळा पुसायची आणि हात धुऊन शांतपणे जेवायला बसायची. हा मुद्दा दप्तररावांच्या तेव्हाच लक्षात यायला हवा होता. आला नाही. तो यायला अजून बरेच परिच्छेद लागणार आहेत.

सरळ विचारायचं ना, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही कचेरीत काम केलेलं दिसत नाही. दप्तररावांनी रीतसर मेसेज पाठवला: "सदर बदल कोणत्या कारणास्तव?"

"सहज रे," बायकोचं उत्तर आलं. "लिंबं विसरू नको."

लिंबं आली. दुसऱ्या दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी दप्तरराव फोन समोर ठेवून डोळ्यांची पापणी न लववता बसले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लिंबांचा मेसेज गेला. धूर नाही, आवाज नाही. घरी फ्रिजमध्ये चार लिंबं होती आणि ती कुणाच्या आदेशावरून आली याचा काडीचाही पुरावा जगात उरला नव्हता. 'सहज' कोणतीही बाई काही करत नसते, असं दप्तररावांना वाटलं. हा विचार त्यांनी मनात कसा ठेवावा? नाही ठेवला. जिन्यात सांडला.

जिन्याच्या पहिल्या वळणावर खुर्ची टाकून विमाकाका बसायचे. विमा कंपनीत पस्तीस वर्षं जळालेल्या, बुडालेल्या आणि चोरीला गेलेल्या मालाची चौकशी करून ते निवृत्त झाले होते, आणि आता इमारतीत काहीच जळत नाही म्हणून थोडे उदास असायचे.

"काका, एक तात्त्विक प्रश्न आहे."

"कुणाच्या बायकोबद्दल?"

"माझा एक मित्र आहे, त्याच्या..."

"तुला मित्र नाहीत. बस इथे पायरीवर आणि नीट सांग."

दप्तररावांनी सांगितलं. काकांचा चेहरा उजळत गेला. "बाळा, मी अडीचशे जळकी गोदामं बघितली. एक सांगतो. ज्या गोदामाला आग लागायची असते ना, तिथलं मांजर आदल्या दिवशी शेजारी राहायला जातं. दर वेळी. मी मांजराचा पत्ता आधी विचारायचो."

"मग आमच्याकडे मांजर कोण?"

"मेसेज. ते निघाले. आता तू आग शोध."

हे बोलणं समोरच्या पार्लरवाल्या वहिनींच्या उघड्या दारातून आत गेलं, कारण वहिनी दार उघडं ठेवूनच धंदा करायच्या. त्या हातात दोरा घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागून एकच भुवई झालेली एक बाई डोकावली.

"भाऊजी, मी बोलणार नव्हते," वहिनी म्हणाल्या. हे वाक्य त्या नेहमी बोलायच्या आधी म्हणत. "पण आमच्यात असलं काही नाही. आमचे हे माझ्यापासून काही म्हणता काही लपवत नाहीत. त्यांचा फोन माझ्या पर्समध्येच असतो."

"आणि त्यांना कुणाचा फोन आला तर?"

"मी बोलते ना. विश्वास म्हणतात तो हाच."

एका भुवईच्या बाईने संमतीने मान हलवली. दुसरी भुवई असती तर तीही वर गेली असती.

त्याच संध्याकाळी दप्तररावांनी नोंदवही आणली. दोनशे पानी, हिरव्या कापडाची, कोपऱ्यांना लाल पट्ट्या, अगदी कचेरीत असते तशीच, कारण दुसऱ्या कुठल्या वहीत त्यांचा हात चालत नसे. बायकोचा प्रत्येक मेसेज मरायच्या आत त्यात उतरवायचा असा बेत होता. फोनवरून सरळ फोटो काढून का नाही ठेवला, असं काकांनी विचारलं तेव्हा दप्तररावांना त्यांची कीव आली. फोटोला आवक क्रमांक नसतो.

पहिल्या आठवड्यातल्या काही नोंदी आम्ही पाहिल्या आहेत. आवक तीन, विषय: दूध, गोषवारा: 'नको, आहे'. आवक सात, विषय: आई (त्यांची), गोषवारा: 'फोन कर त्यांना, मी केला'. आवक नऊपाशी मात्र अडचण आली, कारण त्यात अक्षरच नव्हतं, नुसतं चित्र होतं. अर्धा तास विचार करून दप्तररावांनी लिहिलं: 'लाल हृदय, एक नग'. आवक बाराला लिहिलं: 'हसणारा चेहरा, डोळ्यांत पाणी, दुःखाचे नसावे'.

नक्कल खरी असल्याबद्दल साक्ष लागते. साक्ष विमाकाकांनी दिली. दुसरी साक्ष लागते, ती वहिनींनी मागून घेतली. म्हणजे आता रोज संध्याकाळी जिन्याच्या वळणावर तिघांची बैठक भरू लागली. त्यात दप्तरराव मेसेज वाचून दाखवत, काका चष्मा लावून फोनशी ताडून पाहत आणि वहिनी अर्थ सांगत. एका भुवईच्या बाई दोन्ही भुवया झाल्यावरही येत राहिल्या.

"सोमवारी हृदयं दोन," काका पानावर बोट फिरवत म्हणाले. "मंगळवारी एक. बुधवारी काय आहे हे?"

"अंगठा."

"हृदयावरून अंगठ्यावर." काकांनी चष्मा काढला. "गोदाम धुमसतंय, बाळा."

आता एक गोष्ट त्या तिघांच्याही नजरेतून सुटली होती. सेटिंग बदलल्यापासून बायको भरभरून लिहायला लागली होती. पूर्वी 'दूध', 'किल्ली', 'उशीर होईल' एवढ्यावर तिचा कारभार चालायचा. आता मुख्याध्यापिकाबाईंची नवी चप्पल बेडकासारखी कशी ओरडते आणि त्या येताहेत हे पाचवीच्या वर्गाला दोन मजले आधी कसं कळतं, हे ती मधल्या सुट्टीत लिहायची. 'तू आज पहाटे झोपेत मला नंबर टाका म्हणालास. मी तेहतीस टाकला. मग तू शांत झोपलास,' असं लिहायची. एकदा नुसतंच लिहिलं, 'आज आकाश फार छान आहे, खिडकीशी जा.' दप्तरराव खिडकीशी गेले नाहीत. तळघराला खिडकी नव्हती, आणि शिवाय ते नक्कल उतरवत होते. नक्कल उतरून झाली की ते उत्तर पाठवायचे: 'पाहिले.' आकाश नव्हे, मेसेज. अशा माणसाला कुणी अंगठ्यापेक्षा जास्त काय पाठवणार?

पुढचा गुरुवार उजाडला तो वाईटच उजाडला. आवक टेबलाच्या मॅडम रजेवर होत्या, म्हणून दप्तररावांना तळघरातून वर आणून त्यांच्या खुर्चीत बसवलं होतं. टेबलावर दोन हिरव्या नोंदवह्या. एक पालिकेची, एक संसाराची. बारा वाजून दहा मिनिटांनी बायकोचा मेसेज आला आणि त्याच मिनिटाला साहेब तपासणीला दारात उभे राहिले. दप्तररावांनी फोन मांडीवर घेतला, साहेबांकडे बघत चेहऱ्यावर हसू ठेवलं आणि वहीकडे न बघता सराईत हाताने नक्कल उतरवली.

चुकीच्या वहीत.

संध्याकाळी पान उलटताना ती नोंद त्यांना दिसली. आवक क्रमांक चार हजार चारशे सतरा. शेजारी त्यांच्याच वळणदार अक्षरात: 'नळ गळतोय तो गळतोच आहे. तीन आठवडे झाले सांगून. कुणी लक्ष देणार आहे की नाही? आणि सकाळी चिडले ते सोडून दे. लवकर ये रे माझ्या ढोल्या.'

पालिकेच्या आवक वहीत खाडाखोड म्हणजे काय असतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पानांना छापील आकडे असतात. पान फाडलं तर चौकशी, खोडलं तर चौकशी, वर शाई सांडली तर शाईची चौकशी. दप्तरराव वही छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, एक नोंद चुकून झालीय."

साहेबांनी वाचली. शांतपणे, दोनदा. "तक्रार खोटी आहे का?"

"नाही साहेब. नळ गळतोय."

"तीन आठवडे?"

"हो."

"अर्जदार कोण?"

"माझी पत्नी, साहेब."

"नागरिक आहेत ना?"

"आहे."

"मग?" साहेब म्हणाले आणि समासात लाल पेनाने लिहिलं: 'पाणीपुरवठा विभाग. तातडीने कार्यवाही करून अहवाल सादर करावा.' पालिकेच्या इतिहासात कुठल्याही नळाकडे तीन आठवड्यांत कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. या नळाकडे दोन दिवसांत पाहिलं गेलं. तातडी म्हणजे काय, हे कुणाला तरी दाखवायचंच असावं.

शनिवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. बायको नुकतीच शाळेतून आली होती, हाताला खडू तसाच होता. दारात पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि त्यांच्यामागे पाना घेतलेला प्लंबर.

"अर्जदार आपणच?" अभियंत्यांनी विचारलं आणि पत्र हातात दिलं.

बायकोने ते दारातच उभ्याने वाचलं. 'महोदया, आपल्या गुरुवारच्या संदेशान्वये आपल्या निवासस्थानी नळ गळत असल्याचे या कार्यालयास समजले. त्यानुसार स्थळपाहणी करण्यात येत आहे. तथापि, संदेशात "माझ्या ढोल्या" असा उल्लेख असून तो कोणास उद्देशून आहे याचा बोध होत नाही. तरी संबंधित इसमाचे नाव, अर्जदाराशी नाते व वजन कळवावे.'

"ढोल्या घरात आहेत का?" अभियंता म्हणाले. अत्यंत अदबीने.

दप्तरराव कपाटाच्या दाराआडून बाहेर आले. अभियंत्यांनी त्यांना वरून खाली आणि परत खालून वर पाहिलं. यात फार वेळ गेला नाही.

"हे?"

"हेच," बायको म्हणाली. तिचे ओठ थरथरायला लागले होते, पण अजून तिने स्वतःला धरून ठेवलं होतं.

"वजन?"

"बावन्न," दप्तरराव म्हणाले.

अभियंत्यांनी लिहिलं आणि मान हलवली. "तफावत आहे. तक्रारीतलं वर्णन आणि प्रत्यक्ष इसम जुळत नाही. प्रकरण चौकशीला पाठवावं लागेल. चौकशी पूर्ण होईपर्यंत नळाला कुणी हात लावायचा नाही. आहे तसा गळू द्यावा."

"अहो, पण एक वॉशर टाकला की..." प्लंबर म्हणाला.

"पुरावा आहे तो," अभियंता म्हणाले. नळाखाली बादली होती, तीही त्यांनी 'बादली, निळी, एक' अशी लिहून घेतली, आणि दोघं गेले.

दार लागल्यावर बायको भिंतीला टेकून इतकी हसली की खडूचा हात चेहऱ्याभर लागला. दप्तररावही हसणार होते. तेवढ्यात तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पण हे यांच्याकडे गेलं कसं? गुरुवारचा मेसेज तर शुक्रवारीच पुसला गेला."

इथे गप्प बसता आलं असतं. पण दप्तररावांना वाटलं, आता आपली बाजू मांडायची वेळ आली. ते आत गेले, हिरवी नोंदवही आणली आणि पुरावा सादर करतात तशी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

ती उभी होती, ती खुर्चीवर बसली. पान उलटत गेली. दूध. आई. लाल हृदय, एक नग. झोपेतला तेहतीस. आकाश. प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या.

"या सह्या कुणाच्या?"

"साक्षीदारांच्या."

"म्हणजे विमाकाकांना माहितीय मी तुला काय म्हणते ते?"

"फक्त पडताळणीपुरतं."

"आणि वहिनींना?"

"अर्थ लावण्यापुरतं."

ती पुन्हा पहिल्या पानावर आली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि दप्तररावांना तोच हवा होता. रागाला उत्तर देता येतं.

"गेल्या महिन्यात आपलं भांडण झालं," ती म्हणाली. "तुझ्या आईकडे कधी जायचं यावरून. आठवतं?"

"हो. बावीस तारखेला."

"तेच. तू काय केलंस? फोन काढलास आणि म्हणालास, दोन वर्षांपूर्वी अकरा तारखेला सहा वाजून बारा मिनिटांनी तूच लिहिलं होतंस, मला तुझ्या आईकडे राहायला आवडतं. वाचून दाखवलंस. तारखेसकट. अरे, लिहिलं असेल मी. तेव्हा आवडलं असेल. मी काय शपथेवर लिहिलं होतं? त्या दिवसापासून तुला 'येते' एवढं लिहितानासुद्धा मी तीनदा वाचून बघते. म्हटलं, हे कधी ना कधी माझ्यावर उलटणार. म्हणून ती सेटिंग केली. काही लपवायला नाही. मोकळं बोलता यावं म्हणून."

दप्तरराव समोरच्या खुर्चीवर बसले.

"आमची पोरं फळ्यावर बिनधास्त का लिहितात माहितीय? चुकलं तर पुसता येतं म्हणून. परीक्षेच्या पेपरात तीच पोरं पेन चावत बसतात." तिने नोंदवही मिटली आणि त्यांच्या हातात परत दिली. "तुझ्याशी बोलताना मला पेपर देतेय असं वाटतं."

त्यानंतर तिने मेसेज पाठवणं बंद केलं. घरात बोलायची, जेवायला वाढून घे म्हणायची, किल्ली कुठे विचारायची, सगळं नीट. पण फोन गप्प. सवयीने दप्तररावांनी रविवारी नोंद केली: निरंक. सोमवारी: निरंक. कचेरीत हा शब्द त्यांनी हजारदा लिहिला होता. 'काही नाही' याला सरकारी भाषेत तसं म्हणतात. मंगळवारी तोच शब्द लिहिताना त्यांचं पेन निम्म्यात थांबलं. त्यांनी मागची पानं चाळली. चप्पल बेडकासारखी ओरडते हे त्यांनी आत्ता पहिल्यांदा वाचलं. म्हणजे उतरवलं होतं तेव्हा, वाचलं आत्ता. ते तळघरात एकटेच हसले, आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं तेव्हा सांगण्यासारखी व्यक्ती एकच होती, आणि ते तिला आधीच माहीत होतं.

संध्याकाळी ते वही घेऊन जिना चढत होते. काका खुर्चीत सरसावले. "आण बघू, आजची आवक."

"आवक बंद," दप्तरराव म्हणाले. "वही नष्ट करतोय."

"तिघांच्या समितीशिवाय?"

"हो."

"माझा विरोध लिहून घे."

"कुठे लिहू? वहीच नष्ट करतोय."

वहिनी दोरा घेऊन दारात आल्या. "भाऊजी, मी बोलणार नव्हते, पण त्या हृदयांचं पान तेवढं मला द्या. आमच्या ह्यांना दाखवायचंय, म्हणजे त्यांना सुचेल." दप्तररावांनी नम्रपणे नकार दिला. तसंही वहिनींच्या नवऱ्याचा फोन वहिनींच्याच पर्समध्ये होता. हृदय आलं असतं तर वहिनींकडून वहिनींनाच.

बायको टेबलाशी वह्या तपासत होती. दप्तरराव तिच्यासमोर उभे राहिले.

"ही फाडायची आहे."

"फाड."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"फाडायला. अकरा वर्षांत वेळच आली नाही."

तिने लाल पेन खाली ठेवलं. मग दोघांनी मिळून प्रयत्न केला. तिने एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. कापडी बांधणी, आतून दोऱ्याची शिवण. वही जिवंत मगरीसारखी झटापट करायला लागली आणि एकही पान सुटेना.

"बाथरूममध्ये चल," ती म्हणाली.

निळी बादली काठोकाठ भरली होती, कारण चौकशीतला नळ इमानाने गळत होता. दप्तरराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी वही पाण्यात दाबून धरली. आधी बुडबुडे आले. मग शाई सुटली. दूध गेलं, आई गेली, साक्षीदारांच्या सह्या गेल्या, निळ्या पाण्याच्या रेघा बादलीभर फिरू लागल्या.

"आणि ती दुसरी?" बायको दाराला टेकून म्हणाली.

"दुसरी कुठली? एकच होती."

"डोक्यातली. अकरा तारीख, सहा वाजून बारा मिनिटं."

दप्तररावांनी वर पाहिलं. त्यांचं सगळं आयुष्य त्या क्षणी चेहऱ्यावरून सरकत गेलं. "कुठली अकरा तारीख?" ते म्हणाले.

साफ खोटं होतं. नोकरी आणि संसार मिळून त्यांच्या हातून झालेलं ते पहिलंच खोटं, आणि ते त्यांना इतकं वाईट जमलं होतं की बायको दाराला धरून खालीच बसली. ती हसली म्हणून ते हसले, ते हसले म्हणून ती आणखी हसली, आणि जिन्यातल्या काकांना वाटलं, अखेर आग लागली.

हसून झाल्यावर ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिकडून बोटांची टिकटिक येत राहिली. मग दप्तररावांच्या खिशातला फोन थरथरला. वही अजून वर येत होती म्हणून एक हात बादलीत, दुसऱ्या ओल्या हाताने त्यांनी फोन काढला. पडद्यावर बायकोचा मेसेज. लांबलचक. पहिल्या ओळीत दिसत होतं: 'हे मी आयुष्यात एकदाच लिहिणार आहे, म्हणून नीट वाच.'

आणि फोन हातातून निसटून बादलीत गेला. बुडबुडे दुसऱ्यांदा आले.

फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता. तिसऱ्या दिवशी तो चालू झाला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त चोवीस तास कधीच होऊन गेले होते.

"काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"वाचायचं होतंस."

"थोडक्यात सांग."

"थोडक्यात नव्हतं."

"विषय तरी?"

ती लिंबू चिरत हसली. ती आजतागायत तशीच हसते. नळाची चौकशी चालू आहे, बादली जागेवर आहे, आणि दप्तरराव रोज दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, डब्यातला दुसरा घास बाजूला ठेवून, बायकोला एक अर्ज पाठवतात. अर्ज चोवीस तासांनी आपोआप निकाली निघतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो नव्याने दाखल होतो. त्याची नक्कल त्यांनी कुठेही ठेवलेली नाही. आम्हाला तो तोंडपाठ आहे, एवढंच:

'प्रति, माननीय पत्नी, स्वयंपाकघर व इतर सर्व खोल्या. विषय: बादलीप्रसंगी नष्ट झालेल्या संदेशाची नक्कल मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त संदेश अर्जदारास प्राप्त झाला, परंतु वाचता आला नाही. सदर संदेश कायम जतन करावयाच्या अ वर्गातील असावा, असा अर्जदाराचा दाट संशय आहे. तरी त्याची एक नक्कल, साक्षीदारांविना, देण्यात यावी. नक्कल देणे शक्य नसल्यास संदेशाअखेर लाल हृदये एकूण किती नग होती, एवढा खुलासा तरी व्हावा, ही नम्र विनंती. आपला, ढोल्या (वजन बावन्न, तफावतीसह).'